एकेचाळीस होड्यांची हजेरी

“मॅडम, ज्या होडीला अजून नावच ठेवलेलं नाही, ती बुडायला लागली तर तुमच्या यंत्राला कळेल का?”

प्रश्न शिवन्याचा नव्हता. तोंड तिचं, पण पैज सबा आणि ऋत्वीची. पुण्याहून आलेल्या लोहोकरे मॅडम खारशेतच्या हायस्कूलमध्ये तासभर एकदाही न अडखळता बोलत होत्या आणि मागच्या बाकावर बसलेल्या या दोघींना ते काही सहन होईना. मॅडमना गप्प करून दाखव, सबा कुजबुजली होती, अम्मीने केलेल्या खिम्याच्या समोशांचा आख्खा डबा तुझा. शिवन्या डोर्लेकर उठली ती हात वर न करताच.

गेल्या वर्षी हीच मुलगी हजेरीला इतकं हळू बोलायची की साळवी सरांनी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. मग पावसाळ्याच्या तोंडावर मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाचा घसा बसला, आणि भोंग्यावर हवामान वाचायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून हिला उभं केलं. आपला आवाज खाडी ओलांडून पलीकडच्या माडांवर आपटतो आणि परत येतो, हे तिने त्या दिवशी ऐकलं. तेव्हापासून तिला थांबवणं अवघड झालं होतं.

सगळा हॉल हसला. मॅडम मात्र अडखळल्या नाहीत. कळेल, त्या म्हणाल्या. नाव भरायचं चुकून राहिलं तर काय, तेही आम्ही तपासलंय. त्यांनी पडद्यावर एक हिरवी बरोबरची खूण दाखवली आणि पुढे बोलायला लागल्या. समोसे गेले.

यंत्र होतंच तसं कौतुकाचं. प्रत्येक होडीच्या तळाला मुठीएवढी एक शिट्टी बसवायची. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो आणि लांबवर पोचतो. समुद्रात ठिकठिकाणी तरंगणारे पिवळे पिंप तो ऐकतात. गावाने त्या पिंपांना ‘कान’ म्हणायला कधीच सुरुवात केली होती. शिट्टी सांगते होडीचं नाव, बंदर, आणि ती सरळ आहे की कलली आहे. शिवन्याच्या पप्पांना एवढीच काळजी होती की शिट्टीने मासे पळाले तर काय.

कानांनी ऐकलेलं सगळं यंत्र आपल्या मेमरीत धरून ठेवतं. ही चालती यादी. दर दहा सेकंदांनी जुनी पुसायची, नवी मांडायची. वीज गेली की पाटी कोरी. दुसरी यादी पक्की. ती बंदर कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये टेबल म्हणून कायमची लिहिलेली असते: होडीचं नाव, तांडेल म्हणजे होडीचा कप्तान कोण, माणसं किती, घरचा फोन कुठला. चालत्या यादीतलं नाव पक्क्या यादीतल्या नावाशी जुळलं की दोन्ही ओळी एकमेकींना जोडायच्या. याला मॅडम ‘जॉईन’ म्हणत होत्या. जुळलेली होडी पडद्यावर दिसते. ती कलली की जवळच्या होड्यांना इशारा जातो आणि घरचा फोन वाजतो. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

नावच का, आकडा का नाही, हे कुणीतरी विचारलं तेव्हा मॅडमचा चेहरा उजळला. शिट्ट्या तुटतात, बदलाव्या लागतात, त्यांचे क्रमांक बदलतात. आणि संकटात माणूस आकड्याने हाक मारत नाही, नावाने मारतो. नाव तर प्रत्येक होडीला असतंच.

इथे मागच्या बाकावरच्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

कारण खारशेतात ते नसतं. नवी होडी पहिल्यांदा समुद्रात जाते ती बिननावाची. दर्याने आधी तिला बघायचं, आपलं म्हणायचं, मग ती पहिला म्हावरा घेऊन परत आली की जेटीवरची सगळ्यात वयस्क बाई तिला नाव देणार, आणि पेंटर ते रंगवणार. त्याआधी कुणी मनातल्या मनातसुद्धा नाव ठरवत नाही. यंदा अशा चार होड्या होत्या. त्यातली एक शिवन्याच्या आईची.

आई म्हणजे सुजाता डोर्लेकर, खारशेतची पहिली बाई तांडेल. अकरा वर्षं दुसऱ्याच्या होडीवर खलाशीण म्हणून काढून आता तिची स्वतःची होडी किनाऱ्यावर निळी-पांढरी उभी होती. पप्पा इंजिन सांभाळणार, दोन खलाशी जाळं. सोमवारी पहाटे मासेमारीचा हंगाम उघडत होता. आई रोज संध्याकाळी त्या होडीच्या कडेवरून हात फिरवून यायची आणि घरी आल्यावर उगीचच सगळ्यांना जास्त वाढायची.

शनिवारी दुपारी भरतीला रंगीत तालीम झाली. गावच्या सगळ्या होड्या खाडीत उतरल्या, शिट्ट्या सुरू केल्या आणि जेटीवर लावलेल्या मोठ्या पडद्यावर एकेक नाव उमटायला लागलं. आपल्या होडीचं नाव आलं की ते ते घर ओरडत होतं. शेवटी पडद्याच्या तळाशी मोठ्या अक्षरात आलं: सर्व होड्या सुरक्षित. एकूण ३७.

टाळ्या पडल्या. सोसायटीच्या चेअरमननी मॅडमना नारळ दिला.

शिवन्या जेटीच्या कठड्यावर बसून पाय हलवत होती. तिने पाण्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि बोटं दुमडत होड्या मोजायला घेतल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या. सबाला मोजायला लावल्या. एकेचाळीस. पडद्यावर आईची होडी नव्हती. बाकीच्या तीन नव्याही नव्हत्या. आणि पडद्यावर लाल काहीच नव्हतं, चूक असं काही लिहिलेलं नव्हतं. ज्या दिसत होत्या त्या सगळ्या सुरक्षित होत्या, हे अगदी खरं होतं.

ती मॅडमच्या मागे त्यांच्या कंटेनरमधल्या ऑफिसात शिरली. मॅडमना वाटलं चार शिट्ट्या बिघडल्या असतील. चारही नव्या होड्यांच्याच कशा बिघडतील, शिवन्याने विचारलं. मॅडमनी मग ती हिरवी खूण पुन्हा काढली आणि चाचणी उलगडून दाखवली. एक छोटी चालती यादी, तीन होड्या, त्यातली एक बिननावाची. एक छोटी पक्की यादी, तशीच. जोडल्या. तीन ओळी आल्या. पास.

“ही पक्की यादी डेटाबेसमधली आहे?”

“नाही गं, ही चाचणीपुरती. ही पण लॅपटॉपच्या मेमरीतच आहे. पटकन चालते. नियम तोच आहे ना.”

“मग खरी लावून बघा ना.”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली, पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी लॅपटॉपमधली खोटी यादी काढली आणि बंदर कार्यालयाचं खरं टेबल लावलं. चाचणी पळाली. तीनऐवजी दोन ओळी. आणि वर लाल फुली.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. मग त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली आणि हसायला लागल्या. हे मला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, त्या म्हणाल्या, आणि शिवन्याला समजावून सांगितलं. मॅडम प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहीत होत्या त्या भाषेच्या लेखी रिकामा रकाना आणि दुसरा रिकामा रकाना सारखेच. काहीच नाही बरोबर काहीच नाही, म्हणून मेमरीत जुळले. डेटाबेस जास्त संशयी. त्याच्या लेखी रिकामा रकाना म्हणजे ‘माहीत नाही’. आणि जे मला माहीत नाही ते दुसऱ्या माहीत नसलेल्या गोष्टीसारखंच आहे, हे तो कधीच कबूल करत नाही. मग ती ओळ जुळत नाही. आणि जुळली नाही की गळते, गुपचूप.

“म्हणजे आमची होडी बुडाली असती,” शिवन्या म्हणाली, “आणि इथे सगळं सुरक्षित दिसलं असतं.”

मॅडम काही बोलल्या नाहीत. समोसे आता मिळायला हरकत नव्हती, पण शिवन्याला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये बैठक बसली. चेअरमन सरळ माणूस. ते म्हणाले, यंत्राला दिसत नाही ती होडी मी सोमवारी सोडणार नाही, मग कुणीही येऊन भांडा. चार घरांचे चेहरे उतरले. उपाय तर सोपा आहे, कुणीतरी म्हणालं, नावं ठेवून टाका. शिवन्याच्या पप्पांनी मान डोलावली. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, आताच नाव ठेवण्यापेक्षा ती सोमवारी इथेच राहू दे, अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या होडीवरून तिची वाट बघितली, आता एक दिवस तिने माझी बघितली तर काय बिघडतं. पण पंधरा जणांत बसून हे बोलल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. होडीला नाव न ठेवता सोमवारी जायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढंच अडलं होतं.

मग इस्माईलचाचांनी मधला मार्ग काढला. नव्या होड्यांपैकी एक त्यांची. नाव नको तर नको, शिट्टीत आणि पक्क्या यादीत नुसतं ‘नवी’ लिहा. ती तर नावसुद्धा नाही. परत आल्यावर बदलू. सगळ्यांना पटलं. मॅडमनी तिथल्या तिथे दोन्हीकडे चार वेळा ‘नवी’ भरलं आणि खात्रीसाठी त्या चारही होड्यांवर धोक्याची खोटी घंटा वाजवून बघितली.

पडद्यावर आकडा आला: ५३.

आणि हॉलमधले फोन वाजायला लागले. सुजाता डोर्लेकरांचा फोन वाजला, तुमची होडी संकटात आहे. तिने बंद केला तोच पुन्हा वाजला. पुन्हा. पुन्हा. इस्माईलचाचांनी बायकोचा नंबर दिला होता. पलीकडे घरात तिचा फोन चार वेळा वाजला, आणि ती ओढणी सावरत, अनवाणी, शेजारणींना घेऊन हॉलमध्ये धावत आली तर नवरा खुर्चीवर बसून चहा पितोय. तिने त्याला चारचौघांत जे ऐकवलं त्यावर खारशेत पुढचा महिनाभर हसणार होतं.

शिवन्या हसता हसता एकदम थांबली. तिच्या डोक्यात आकडे फिरत होते. शाळेत ग्रंथालयाची यादी करताना एकाच नावाच्या पुस्तकांचं तिने हेच बघितलं होतं. चालत्या यादीतल्या पहिल्या ‘नवी’ला पक्क्या यादीतल्या चारही ‘नवी’ सापडल्या. दुसरीलाही चार. चार चोक सोळा, आणि सदतीस त्रेपन्न. आधी आपल्या होड्या यंत्राला दिसत नव्हत्या, आता नको तितक्या दिसत होत्या. आणि खरी घंटा वाजली असती तर कुणाच्या घरी कुणाचा निरोप गेला असता?

ती उठली. हॉलमध्ये तीच एक शाळकरी, पण भोंग्याचा आवाज अंगवळणी पडलेला. तिने सांगितलं की आपण उलटं करतोय. यंत्राला जमत नाही म्हणून होड्या बदलतोय. त्यापेक्षा यंत्राला दोन गोष्टी शिकवा. नाव नसेल तर शिट्टीच्या क्रमांकावरून जुळवा. तो बदलतो हे खरं, पण पहिल्या फेरीपुरता तर टिकेल. आणि दुसरं म्हणजे, नाही जुळलं तरी ती ओळ गाळायची नाही. पाण्यावर जे काही शिट्टी वाजवतंय ते पडद्यावर आलंच पाहिजे. कुणाचं आहे कळत नसेल तर सगळ्यात वर, लाल रंगात.

मॅडम आधीच टाइप करायला लागल्या होत्या.

“आणि चाचणी खऱ्या टेबलावर,” शिवन्या म्हणाली. “ती मी लिहिते.”

रविवारचा आख्खा दिवस कंटेनरमध्ये गेला. मॅडम जोडणी बदलत होत्या, शिवन्या चाचण्या लिहीत होती आणि सबा समोसे पुरवत होती, कारण शिवन्या पैज हरली असली तरी प्रश्न बरोबर निघाला होता आणि सबाला हिशेब पक्का लागतो. चाचण्या लिहिण्यात शिवन्याला जी मजा येत होती ती तिने कुणाला सांगितली असती तर हसले असते. आपणच लबाडी करायची, आपणच पकडायची. एक बिननावाची होडी. चार बिननावाच्या. बिननावाची, पण पक्क्या यादीत मुळीच नसलेली. आधी प्रत्येक चाचणी नापास व्हायला हवी, मॅडमनी बजावलं होतं, नापास झालेली बघितल्याशिवाय पास झालेलीवर विश्वास ठेवायचा नाही. शिवन्याने प्रत्येक लाल फुली डोळे भरून पाहिली. मग एकेक हिरवी होत गेली.

दुपारी पुन्हा सगळ्या होड्या खाडीत. पडद्यावर एकूण ४२ आलं.

गर्दीत कुजबुज. पुन्हा जास्त. चेअरमननी कपाळाला हात लावला. पण वर लाल अक्षरात लिहिलं होतं: अनोळखी. जेटीपासून सहा मीटर. सगळ्यांनी वाकून पाहिलं तर पायऱ्यांवर ऋत्वी गुडघाभर पाण्यात उभी, हातात सुटी शिट्टी धरलेली. यादीत नसलेली होडी म्हणून शिवन्याने तिलाच उभी केली होती. पडद्यावर त्या लाल ओळीखाली एकेचाळीस ओळी. चारांपुढे नावाचा रकाना रिकामा, आणि प्रत्येकीपुढे आपापल्या घरचा एकच फोन. आईच्या ओळीपुढे लिहिलं होतं: माणसं चार.

जेटी नाचली. इस्माईलचाचांनी ऋत्वीला पाण्यातून उचलून बाहेर काढलं आणि सुकटीचं अख्खं पाकीट बक्षीस दिलं.

पण मॅडम अजून पडद्याकडेच बघत होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी चेअरमनना आणि शिवन्याला बाजूला घेतलं. खाडीत हे चालतं, त्या म्हणाल्या. बाहेर बारा मैलांवर होडी एका कानाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात जाते. मध्ये काही मिनिटं कुणालाच ती ऐकू येत नाही. तेवढ्यात मेमरीतली यादी पुसली जाते आणि नव्याने भरते. नाव असलेल्या होड्यांबाबत हे आम्ही बघितलंय. बिननावाची होडी त्या फटीतून तशीच परत येते का, ते जमिनीवर बसून मला सांगता येणार नाही. कुणीतरी बिननावाच्या होडीत बसून जायला हवं. तीन ठिकाणी शिट्टी बंद करून पुन्हा सुरू करायची, कललेली आहे असं खोटं भासवायचं, वेळ टिपायची, पडद्याशी बसलेल्या माणसाशी वायरलेसवर बोलायचं. मला इथे पडद्याशी बसणं भाग आहे. चाचणी माहीत असलेलं दुसरं माणूस माझ्याकडे नाही.

चेअरमननी विचार केला. मग म्हणाले, एक नवी होडी पहाटे आधी जाऊ दे. ती तिन्ही टप्प्यांवर दिसली तर बाकीच्या तीन सोडतो. नाही दिसली तर तिला तिथूनच माघारी बोलावतो, आणि नाव ठेवल्याशिवाय एकही जाणार नाही. सोबत जुन्या दोन होड्या राहतील. पण चाचणी करायला माणूस आणा, नाहीतर तेही नाही.

सुजाता डोर्लेकरांची होडी जाईल, हे चेअरमनचा निरोप पोचताच आईने कळवून टाकलं. माणूस मिळेल, असंही तिने म्हटलं. कोण ते तिला माहीत नव्हतं.

शिवन्या घराकडे चालत निघाली. वाटेत तिने साळवी सरांचं दार वाजवलं, पाच मिनिटं बोलली, आणि पुढे जवळजवळ पळत गेली. तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. आईपप्पांनी तिला कधी होडीवर नेलं नव्हतं. आमचे हात बघ, पप्पा म्हणायचे, तुझे असे व्हायला नकोत. त्यात प्रेम होतं हे तिला ठाऊक होतं. पण उद्या ते दोघं तिने लिहिलेल्या चाचणीच्या भरवशावर बारा मैल आत जाणार होते, आणि ती काय करणार होती? वर्गात बसून त्रिकोणमितीचा पेपर?

घरी आई जाळ्याची शेवटची गाठ मारत होती. पप्पा सुरमईचा तुकडा तव्यावर उलटत होते आणि कान आहेत की मेले आहेत कळत नाही म्हणून त्या पिवळ्या पिंपांना लाडाने शिव्या देत होते.

आईने तिच्याकडे पाहिलं. “काय गो बाय, धापा टाकतेस? मॅडमना माणूस मिळाला की नाय?”

“मिळाला.”

“कोण? त्या पुण्याच्या पोरांपैकी कुणी असेल तर ओकून ओकून मरेल तो.”

शिवन्याने दप्तर खाली ठेवलं. तिला वाटलं होतं आवाज बारीक होईल. तो झाला नाही.

“आई, पप्पा, उद्या पहाटे होडीवर मी येतेय. चाचणी मी लिहिलीय. ती चुकली तर काय चुकलं हे मलाच कळणार आहे, आणि ते मला तुमच्या शेजारी बसून कळायला हवंय, जेटीवरून नाही. गणिताचा पेपर मी शनिवारी देणार, साळवी सर हो म्हणालेत.”

पप्पांनी तवा खाली उतरवला. ते काहीतरी बोलणार होते. आईने हात वर करून त्यांना थांबवलं आणि लेकीकडे बघत राहिली.

“हे तू विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय,” शिवन्या म्हणाली. “आणि मॅडमना फोन करून आपल्या ओळीत माणसं पाच करायला सांगितलीयत. झालीसुद्धा.”